घर-जागेच्या जाहिरातींची साइट काढताय? मग आधी हे कायद्याचं झेंगट समजून घ्या

मागच्या वर्षी एका शुक्रवारी संध्याकाळी साडेपाचला पोलिसांचा मेल आला. वर 'बीएनएसएस कलम ९४ अन्वये नोटीस' (म्हणजे नव्या फौजदारी प्रक्रिया कायद्याखाली माहिती मागणारी) असं लिहिलेलं आणि खाली आमच्याच साइटवरच्या एका लिस्टिंगची लिंक. वन बीएचके, नऱ्हे (पुणे), भाडं साडेसात हजार. त्या गल्लीत तसला फ्लॅट बारा-तेराच्या खाली मिळत नाही हे आम्हाला रोज माहीत असतं, पण लिस्टिंग आपोआप पब्लिश होत होतं त्यामुळे कुणी बघितलंच नव्हतं. टाकणाऱ्याने सांगितलं होतं की मी आर्मीत आहे, पोस्टिंग लांब आहे, चावी वॉचमनकडे आहे, फक्त सोसायटीच्या गेटपाससाठी टोकन पाठवा. लातूरच्या एका काकांनी मुलाच्या कॉलेजसाठी रूम हवी म्हणून नऊ हजार पाठवले आणि मुलगा बॅगा घेऊन तिथं पोचला तेव्हा त्या फ्लॅटमध्ये एक कुटुंब चार वर्षांपासून राहत होतं.

पोलिसांना हवं होतं त्या खात्याचं नाव, नंबर, आयपी अ‍ॅड्रेस, लॉगिनच्या वेळा. आमच्याकडे होता एक मोबाइल नंबर (बंद) आणि नावाच्या जागी 'राहुल'. बस. होस्टिंगवाल्याचे लॉग तीस दिवसांनी पुसले जायचे हे पण त्या दिवशीच कळलं.

तेव्हापासून जे शिकलो ते इथं क्रमाने लिहितोय. मी वकील नाही, मी साइट चालवतो, त्यामुळे पैसे गुंतवण्याआधी एकदा वकिलाकडे बसाच, पण वकिलाला काय विचारायचं हे तरी यातून कळेल. सगळं महाराष्ट्र धरून लिहिलंय. केंद्राचे कायदे सगळीकडे सारखेच, पण रेराचे (घर-प्लॉटच्या विक्रीवरचा केंद्राचा कायदा) नियम आणि फी राज्याराज्यात वेगळी असते.

पायरी १ : तुम्ही नोटीस बोर्ड आहात की दलाल, ते ठरवा

बाकी सगळं यावर अवलंबून आहे म्हणून इथं घाई करू नका.

बहुतेक जण म्हणतात की आम्ही फक्त प्लॅटफॉर्म, देणारा वेगळा घेणारा वेगळा, आमचा काय संबंध. आता रेरा कायदा (२०१६ चा) काढा आणि कलम २ मधली एजंटची व्याख्या वाचा. मोबदला घेऊन एकाच्या वतीनं दुसऱ्याशी व्यवहार जुळवणारा तो एजंट, हे तर आहेच, पण पुढे असंही म्हटलंय की कुठल्याही माध्यमातून घेणाऱ्याची आणि विकणाऱ्याची बोलणीसाठी गाठ घालून देणारा माणूस पण त्यात धरायचा, मग त्याला दलाल म्हणा, मध्यस्थ म्हणा की अजून काही. 'कुठल्याही माध्यमातून' यात वेबसाइट आली, अ‍ॅप आलं, आणि ओढून ताणून बघितलं तर आपला व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपही येतो. मुंबई ग्राहक पंचायतीनं मोठ्या पोर्टल्सच्या बाबतीत हाच मुद्दा महारेरापुढे (रेरा राबवणारं महाराष्ट्राचं प्राधिकरण) नेला होता, तेव्हा हे काही माझ्या डोक्यातून आलेलं नाही.

मग रेषा कुठं? आम्ही आमच्यासाठी असा हिशोब लावला. जाहिरात लावायचे ठरलेले पैसे घेतो, जाहिरात दिसते, फोन करणारा परस्पर करतो, व्यवहार झाला की नाही ते आम्हाला कळतही नाही, इथपर्यंत आपण बोर्ड. पण आमचा माणूस साइट व्हिजिटला सोबत जातो, आम्ही भाव करून देतो, टोकन आमच्या खात्यात येतं, किंवा फ्लॅट विकला गेला की बिल्डर आम्हाला टक्केवारी देतो, यातली एक गोष्ट जरी झाली तरी आपण दलाल. नियम-अटींच्या पानावर कितीही मोठ्या अक्षरात 'आम्ही एजंट नाही' लिहा, कोणी तक्रार केली तर बघितलं जाणार ते तुम्ही प्रत्यक्षात काय करता.

दलाल असणं वाईट नाही हो. नोंदणी करा आणि बिनधास्त करा. महाराष्ट्राच्या नियमात एजंट नोंदणीची फी एकट्या माणसाला १०,००० रुपये आणि कंपनी-फर्मला १,००,००० रुपये, मुदत पाच वर्षं. शिवाय २०२३ पासून महारेरानं एजंटांना ट्रेनिंग आणि परीक्षा लावलीये, ते सर्टिफिकेट लागतं. न करता धंदा केला तर कलम ६२ आहे, दिवसाला १०,००० रुपये दंड, वाढत वाढत त्या फ्लॅटच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत. सत्तर लाखांचा फ्लॅट धरा आणि करा गुणाकार.

एक सुटका आहे. भाड्याचे व्यवहार रेराच्या एजंट व्याख्येत येत नाहीत, तिथं विक्रीचीच गोष्ट आहे. त्यामुळे आमच्यासारखं नव्वद टक्के भाडं असेल तर हा भाग हलका जातो. पण 'थोडेफार रिसेल' करता करता नवीन प्रोजेक्टचं पहिलं बॅनर कधी लागतं ते कळत नाही, आमचंही तसंच झालं.

पायरी २ : नवीन प्रोजेक्टची जाहिरात घेताना फॉर्ममध्येच अडवा

रेराचं कलम ३ सरळ सांगतं की नोंदणी नसलेल्या प्रोजेक्टची जाहिरात, बुकिंग, विक्री काहीही करायचं नाही. सूट फक्त छोट्यांना, म्हणजे जमीन ५०० चौरस मीटरच्या आत किंवा फ्लॅट आठपर्यंत. बिल्डरला यात दंड प्रोजेक्टच्या अंदाजे खर्चाच्या १० टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो, आणि एजंटनं असा प्रोजेक्ट विकायला मदत करायची नाही हे कलम १० मध्ये वेगळं लिहिलंय.

त्यामुळे 'प्री-लॉन्च ऑफर', 'ईओआय (म्हणजे घेण्याची इच्छा दाखवणारा आगाऊ चेक) सुरू, चेक परत मिळेल' असलं काही आलं की आम्ही सरळ परत पाठवतो. हे बॅनरवाले सगळ्यात जास्त पैसे देतात हे पण खरं आहे. जीव जळतो, पण परत पाठवतो.

फॉर्ममध्ये काय ठेवायचं :

- महारेरा नंबर सक्तीचा. जुन्या नोंदण्यांमध्ये पुण्याचे नंबर पी५२१ ने आणि मुंबई उपनगराचे पी५१८ ने सुरू होतात. आमच्याकडे एकानं वाकडचा प्रोजेक्ट म्हणून पी५१८ वाला नंबर टाकला होता, म्हणजे कुठल्यातरी मुंबईच्या बिल्डिंगचा उचललेला. नंबर टाकला की महारेराच्या साइटवर जाऊन प्रोजेक्टचं नाव, बिल्डरचं नाव आणि तालुका जुळतो का ते माणसानं बघायचं, मशीननं नाही.
- क्यूआर कोड. १ ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीत क्यूआर कोड लागतो, आणि एप्रिल २०२५ मध्ये महारेरानं अजून स्पष्ट केलं की नोंदणी नंबर, महारेराचा वेबसाइट पत्ता आणि क्यूआर हे तिन्ही जाहिरातीच्या वरच्या उजव्या भागात हवेत आणि नंबरचा फॉन्ट फोन नंबरच्या फॉन्टपेक्षा बारीक नको. दंड ५०,००० पर्यंत. मोबाइलवर बॅनर कापला जाऊन नेमका उजवा कोपराच गायब होतो हे आम्हाला एका बिल्डरच्या मार्केटिंगवाल्या बाईंनी स्क्रीनशॉट पाठवून दाखवलं, तेव्हा डिझाइन करणाऱ्याला आधीच सांगून ठेवा.
- क्षेत्रफळ कार्पेटच. 'सेलेबल', 'सुपर बिल्टअप' हे पर्याय ड्रॉपडाउनमधून काढूनच टाका.

आणि एवढं करूनही नंबर म्हणजे गॅरंटी समजू नका. कल्याण-डोंबिवलीच्या ६५ इमारतींचं प्रकरण आठवतंय ना? महापालिकेच्या खोट्या परवानग्या जोडून महारेराची नोंदणी मिळवली होती, लोकांनी बँकेचं कर्ज काढून फ्लॅट घेतले, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये हायकोर्टानं त्या पाडायला सांगितल्या. त्यांच्या जाहिरातीत नंबर दाखवता आला असता, आणि तो महारेराच्या साइटवर उघडलाही असता. म्हणून तुमच्या साइटवर 'रेरा नंबर बिल्डरनं दिलेला, बांधकाम परवानगी महापालिकेकडे तपासा' अशी एक ओळ प्रत्येक प्रोजेक्टखाली असू द्या, आणि ती करड्या रंगात बारीक नको.

पायरी ३ : प्लॉट, शेतजमीन आणि म्हाडा, यांना वेगळा दरवाजा

सर्वात जास्त तक्रारी इथून येतात आणि सर्वात कमी लक्षही इथंच असतं.

'हायवे टच, १ गुंठा फक्त ३ लाख, ७/१२ तुमच्या नावावर.' असली जाहिरात पुण्याच्या आसपास रोज दिसते. यात तीन कायदे एकावेळी दुखावले जातात. पहिलं, १९४७ चा तुकडेबंदी कायदा. एवढासा तुकडा वेगळा विकायला बंधन आहे, २०२५ मध्ये शहरी हद्दीसाठी सरकारनं सवलती आणल्या पण याचा अर्थ खेड्यातला कुठलाही गुंठा सुटला असा नाही. दुसरं, शेतजमीन महाराष्ट्रात शेतकऱ्यानंच घ्यायची, १९४८ चा कुळकायदा, कलम ६३, आणि साइटवर येणारे निम्मे लोक आयटीवाले असतात ज्यांच्या नावावर एक ढेकूळ नाही. तिसरं, प्लॉटिंगचं लेआउट ५०० चौरस मीटरच्या वर गेलं की रेरा.

आम्ही प्लॉटसाठी फॉर्म वेगळा केला. त्यात गट नंबर, गाव, तालुका सक्तीचा (यानंच निम्मे पळून जातात), एनए (बिगरशेती) आदेशाचा फोटो, आणि झोन दाखला असेल तर तो. सातबारा महाभूलेखवर कुणालाही बघता येतो, आम्ही बघतो, आणि त्यावर दहा-बारा जणांची सामाईक नावं असली किंवा इतर हक्कात बँकेचा बोजा असला की लिस्टिंग थांबवून विचारतो. हे टायटल (मालकी हक्क) तपासणं नाही बरं का, ते वकिलाचं काम, तीस वर्षांचा सर्च काढून करायचं. आपण फक्त उघड खोटं अडवतोय, आणि साइटवरही असंच लिहायचं, 'आम्ही टायटल तपासलं' असं चुकूनही नाही.

म्हाडा, सिडकोच्या बाबतीत तर सोपं आहे. म्हाडा दर सोडतीला सांगतं की आम्ही कुणालाही एजंट नेमलेलं नाही. 'म्हाडा कोट्यातून खात्रीशीर घर' हे शब्द दिसले की डिलीट, आणि टाकणाऱ्याचं खातं पण बंद.

पायरी ४ : कलम ७९ चं छत्र, आणि ते कधी उडतं

दुसऱ्याने टाकलेल्या मजकुराबद्दल तुम्हाला जबाबदार धरू नये म्हणून आयटी कायद्यात (२००० चा) कलम ७९ आहे. पण ते फुकट मिळत नाही. मजकूर तुम्ही निवडायचा नाही, बदलायचा नाही, कायद्यात सांगितलेली काळजी घ्यायची, आणि बेकायदेशीर आहे असं कळल्यावर काढायचं. 'कळलं' कधी म्हणायचं हे सुप्रीम कोर्टानं २०१५ च्या श्रेया सिंघल निकालात सांगितलं, कोर्टाचा आदेश किंवा सरकारी यंत्रणेची सूचना आली की. नाहीतर कुठलाही बिल्डर वकिलाची नोटीस पाठवून नको असलेला रिव्ह्यू उडवत बसला असता. आम्हाला येतातच अशा, पाणी टँकरचं येतं असं एका भाडेकरूनं लिहिलं म्हणून अब्रुनुकसानीची नोटीस. आम्ही लिहिणाऱ्याला कळवतो, बिल्डरला उत्तर लिहायची जागा देतो, आणि कोर्टाचा आदेश असेल तर पाठवा म्हणतो. अजून एकही आला नाही.

पण फसवणुकीच्या लिस्टिंगसाठी कोर्टाची वाट बघत बसू नका. ते तुमच्या स्वतःच्या नियमांनुसार काढा, त्याला कुणी अडवत नाही.

२०२१ च्या आयटी नियमांमध्ये करायची कामं अशी : नियम-अटी आणि प्रायव्हसी पॉलिसी साइटवर हव्यात, दर तीन महिन्यांनी एकदा तरी युजर्सना त्याची आठवण द्यायची (फेब्रुवारी २०२६ च्या दुरुस्तीआधी हे वर्षातून एकदा होतं), तक्रार अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क दिसला पाहिजे, तक्रारीची पोच २४ तासांत. कोर्टाचा किंवा सरकारचा आदेश आला तर मजकूर काढायची मुदत तासांत मोजतात, त्यामुळे तो मेल ज्या पत्त्यावर येतो तो रविवारी पण कुणीतरी बघत असला पाहिजे. काढलेला मजकूर आणि त्यामागची माहिती १८० दिवस जपून ठेवायची, आणि खातं बंद केलं तरी त्याची माहिती तितके दिवस ठेवायची. आमचे तीस दिवसांचे लॉग याच कारणानं महागात पडले.

अजून एक गोष्ट फार कमी जणांना माहितीये, २०२२ च्या दुरुस्तीनंतर या नियम-अटी युजरला इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषेत, त्याला हव्या त्या भाषेत द्यायच्यात. म्हणजे मराठीत पण. कुठूनतरी कॉपी केलेलं इंग्रजी पान मराठी साइटवर चिकटवून मोकळे होऊ नका. आम्ही एक मराठी वकीलबाई गाठून साडेतीन पानात लिहून घेतलं, लोक खरंच वाचतात.

पायरी ५ : 'व्हेरिफाइड' हा हिरवा टिक

हे माझं आवडतं दुखणं.

लिस्टिंगवर हिरवा टिक लावला की क्लिक वाढतात, म्हणून सगळे लावतात. पण जाहिरातदारानं 'उत्तम फ्लॅट' लिहिणं हे त्याचं बोलणं, आणि तुम्ही 'व्हेरिफाइड' लिहिणं हे तुमचं बोलणं. ग्राहक मंचात गेल्यावर विचारणार, काय व्हेरिफाय केलं? ओटीपी आला एवढंच? मग तेवढंच लिहा. आमच्याकडे आता तीन वेगळी लेबलं आहेत, 'मोबाइल तपासला', 'वीजबिल पाहिलं', 'जागेवर जाऊन फोटो काढले', आणि तिसरं फक्त ज्या फ्लॅटमध्ये आमचा माणूस स्वतः गेला त्यालाच. दिसायला बावळट वाटतं, मान्य.

'नो ब्रोकरेज' हेही तसंच. मालक म्हणून ब्रोकरच टाकतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. एका नंबरवरून तीनपेक्षा जास्त फ्लॅट आले की आमच्याकडे आपोआप 'एजंट' असं लागतं. ब्रोकर चिडले, चिडणारच, त्यांचा पोर्टल्सवरचा राग जुना आहे, २०१६ मध्ये त्यांच्या एका संघटनेनं मोठ्या पोर्टल्सविरुद्ध स्पर्धा आयोगाकडे तक्रार नेली होती आणि ती तिथं टिकली नाही.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण पहिल्यांदा १० लाखांपर्यंत दंड लावू शकतं, परत केली तर ५० लाखांपर्यंत. जाहिरात छापणाऱ्यालाही दंड आहे, पण नेहमीच्या धंद्यात छापली असा बचाव त्याला घेता येतो, फक्त ती जाहिरात मागे घ्यायचा आदेश आधीच माहीत असेल तर नाही. टिक तुम्ही स्वतः लावला असेल तर 'फक्त छापली' कसं म्हणणार? आणि नोव्हेंबर २०२३ पासून डार्क पॅटर्नचे (ग्राहकाला फसवणारी स्क्रीनची रचना) नियम आहेत, तेरा प्रकार. 'हा फ्लॅट आत्ता २३ जण बघतायत' असा खोटा आकडा फिरवणं त्यात सरळ बसतं, ९९ रुपयात मालकाचा नंबर म्हणून शेवटच्या स्क्रीनवर १४९ करणं बसतं, आणि प्लॅन बंद करायचं बटण लपवणंही.

पायरी ६ : भाड्याचा फॉर्म आणि 'कोण चालेल'

'फक्त शाकाहारी', 'फक्त फॅमिली', 'बॅचलर मुली चालतील', अमुक जातीचे नको, तमुक धर्माचे नको. २०२३ मध्ये मुलुंडला एका मराठी बाईंना जागा नाकारल्याचा व्हिडिओ फिरला होता तेव्हा आपण सगळे तापलो होतो, पण आपल्याच साइटच्या फॉर्ममध्ये काय विचारलंय ते किती जणांनी बघितलं?

अमेरिकेत यावर एक मोठा खटला झाला, रूममेट्स डॉट कॉम नावाच्या साइटवर. २००८ मध्ये तिथल्या कोर्टानं म्हटलं की मोकळ्या जागेत लोकांनी काय लिहिलं त्याला साइट जबाबदार नाही, पण तुम्हीच ड्रॉपडाउन बनवून लिंग, मुलं आहेत का असं निवडायला लावलं आणि त्यावर शोध चालवला तर ते तुम्हीच केलं. (पुढे २०१२ मध्ये, खोली वाटून घेणाऱ्यांना तो घरांचा कायदा लागूच नाही म्हणून साइट सुटली, पण ड्रॉपडाउनचा मुद्दा सगळ्या जगात वाचला जातो.) आपल्याकडे तिथल्यासारखा भाड्याच्या भेदभावावर वेगळा कायदा नाही. पण अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे, महाराष्ट्राचा २०१६ चा सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा आहे, आणि कलम ७९ मध्ये 'मजकूर निवडला नाही' ही अट आहेच. जातीचा आणि धर्माचा फिल्टर बनवणं म्हणजे उगाच विस्तव पदरात घेणं. आम्ही ते दोन्ही ठेवले नाहीत, आणि वर्णनात आले तर ती ओळ काढायला सांगतो, स्वतः एडिट करत नाही. स्वतः एडिट केलं की मजकूर बदलणारे आपणच.

भाड्याबाबत अजून एक, करार लेखी आणि नोंदणी केलेला असणं ही महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५ प्रमाणे मालकाची जबाबदारी आहे. 'अकरा महिन्यांचा आहे, नोटरी चालेल' हे आपल्या साइटवर सल्ला म्हणून कुठेही नको. बऱ्याच साइटींच्या मदत पानांवर हे अजून सापडतं.

पायरी ७ : नंबर कुणाला देताय

एक मुलगी बालेवाडीतल्या एका फ्लॅटवर 'मालकाशी बोला' दाबते आणि दुपारपर्यंत तिला चौदा ब्रोकरांचे फोन येतात, त्यातले दोन पर्सनल लोनचे. हा आपल्या धंद्याचा कणा आहे, लीड विकणं, नाकारण्यात अर्थ नाही. पण डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ ला झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, आणि मुख्य जबाबदाऱ्या अठरा महिन्यांनी म्हणजे मे २०२७ च्या आसपास लागू होतात. डेटा नीट न सांभाळल्याचा दंड २५० कोटींपर्यंत आहे. आपल्यासारख्याला एवढा कोण लावणार, असं म्हणायला मोकळे, पण तयारी आत्ताच स्वस्तात होते.

करायचं काय, तर बटणाखाली स्पष्ट लिहा की नंबर कुणाकुणाला जाणार आहे, एका मालकाला की पाच एजंटांना. संमती नसेल तर बाहेर देऊ नका. आधार-पॅनची कॉपी मागत असाल तर का मागता ते आधी स्वतःला विचारा, आम्ही भाडेकरूंची आधार घेणं बंद केलं कारण ती एका शेअर केलेल्या ड्राइव्ह फोल्डरमध्ये पडून होती आणि त्या फोल्डरला नोकरी सोडून गेलेल्या दोन मुलांचा अ‍ॅक्सेस होता. साध्या दहा आकडी नंबरवरून ढीगभर मार्केटिंग कॉल केले तर १९०९ वर तक्रार जाते आणि नंबर बंद होतो, तेही होऊन गेलंय आमच्याकडे.

पायरी ८ : फोटो

थोडक्यात. पैसे देऊन काढून घेतलेला फोटो, वेगळा करार नसेल तर, पैसे देणाऱ्याचा. म्हणजे ब्रोकरनं फोटोग्राफरला पैसे दिले असतील तर ब्रोकरचा, तुमचा नाही, आणि शेजारच्या ब्रोकरचा तर नाहीच. दुसऱ्या साइटचा वॉटरमार्क कापलेला फोटो (खालची पट्टी थोडी कमी दिसते, लगेच ओळखू येतो) दिसला की लिस्टिंग होल्डवर टाका. कॉपीराइटची लेखी तक्रार आली तर ३६ तासांत काढायचं, आणि तक्रारदारानं २१ दिवसांत कोर्टाचा आदेश आणला नाही तर परत लावता येतं. दुसऱ्या पोर्टलवरून लिस्टिंग खरवडून आणायचा मोह सगळ्यांना होतो सुरुवातीला, साइट रिकामी दिसते म्हणून. नका करू. रिकाम्या खोलीत एआयनं सोफा टाकून दाखवला असेल तर फोटोवरच तसं लिहा.

पायरी ९ : नोटीस आली तर

आता परत त्या शुक्रवारकडे. आमच्या चुका बघून तुम्ही असं करा.

आधी खरी आहे का बघा. मेल सरकारी डोमेनवरून आलाय का, पोलीस ठाणं, गुन्हा नंबर, अधिकाऱ्याचं नाव आहे का, आणि ठाण्याच्या लँडलाइनवर फोन करून खात्री करा, कारण पोलीस बनून डेटा मागणारे पण असतात. मग लिस्टिंग लपवा पण डेटाबेसमधून उडवू नका. आम्ही घाबरून उडवलं होतं, मग बॅकअपमधून परत काढायला शनिवार गेला.

मागितलं तेवढंच द्या, लेखी द्या, पोच घ्या. स्क्रीनशॉट आणि लॉग कोर्टात चालायला सोबत प्रमाणपत्र लागतं, पूर्वी पुरावा कायद्याचं कलम ६५-बी, आता भारतीय साक्ष अधिनियमाचं कलम ६३. त्याचा नमुना वकिलाकडून भरून तयार ठेवा, मशीन कुठलं, फाइल कुणी काढली, कधी काढली. फसलेल्या माणसाचा फोन आला तर त्याला आधी १९३० वर (सायबर फसवणुकीची हेल्पलाइन) कॉल करायला सांगा, तो पण पहिल्या तासा-दोन तासांत, पैसे कुठल्या खात्यात थांबवता आले तर तेव्हाच येतात. लातूरच्या काकांनी दुसऱ्या दिवशी केला. पैसे गेले.

त्यानंतर आम्ही नवीन खात्याचं पहिलं लिस्टिंग माणसानं बघितल्याशिवाय लावत नाही, भाडं त्या भागाच्या नेहमीच्या दरापेक्षा तीस टक्के कमी असेल तर लाल दिसतं, वर्णनात 'आर्मी', 'गेटपास', 'रिफंडेबल टोकन' आलं तर थांबतं, आणि प्रत्येक भाड्याच्या पानावर फोन नंबरच्या बरोबर वर, मोठ्या अक्षरात, 'फ्लॅट आतून बघितल्याशिवाय एक रुपया पाठवू नका' असं लिहिलंय. रोज साधारण तीन-चार लिस्टिंग त्या गाळणीत अडकतात. त्यातली एखादी खरी निघते, तो मालक फोन करून शिव्या घालतो, आणि मी सॉरी म्हणून लावून देतो.